पेवात सोडलेली बॅटरी

अण्णा, तुला पेवात उतरायला सांगितलं होतं कुणी?

आज पंधरा दिवस मी हे एकच विचारते आहे. एरवी तुला काही विचारायची खोटी, तू आल्प्स पर्वतापासून सुरुवात करायचास. दारी पाव्हणा आला तर त्याला पाण्याच्या तांब्याआधी बोगदा मिळतो, असं वहिनी हसून सांगायची. निपाणीच्या शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म काढलास आणि तुझं सगळं लक्ष जमिनीच्या पोटात. तुझ्या पोरांना कृष्णेचा उगम एक वेळ आठवायचा नाही, पण सिम्प्लॉनचा बोगदा कोणत्या दोन देशांकडून खणत आणला ते झोपेतून उठवलं तरी सांगायची. आणि आता असा गप्प बसलास. शोभत नाही तुला.

गावात तुझ्याबद्दल पुष्कळ बोललं जातंय. मास्तर देवमाणूस होता म्हणतात. असशील, मला माहीत नाही. मला माहीत असलेला अण्णा हट्टी होता, भाकरी गार करून खाणारा होता आणि दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणारा होता. तुझं कौतुक लिहायला मी बसलेली नाही. जी गोष्ट तेरा दिवस पोटात ठेवली ती सांगायला बसले आहे. ज्या बॅटरीनं हे सगळं केलं, ती बॅटरी मी पाठवली होती. आणि नुसती पाठवली नव्हती, तिच्याबरोबर एक चिठ्ठी लिहिली होती.

पण त्याआधी आपलं भांडण. ते अर्धं राहिलंय. टिळकवाडीतल्या माझ्या खोलीवर तू शेवटचा आलास तेव्हा आमच्या शेजारच्या बाईंनी तुला सांगितलं, की बेळगावच्या किल्ल्यातून एक भुयार निघतं ते थेट येळ्ळूरच्या गडावर. घोडेस्वार जायचा म्हणे आतून. तू चहाची बशी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "हवा कुठनं येते?" बाई म्हणाल्या, हवेचं काय ठाऊक, पण भुयार आहे. तू म्हणालास, "हवेची वाट दाखवा, मग घोडा दाखवा." बाई रागावून उठून गेल्या. मी तुझ्यावर चिडले, की माणसाला एखादी गोष्ट सुखानं खरी मानू देत नाहीस. तू म्हणालास, "गोदे, भुयाराचं खोटं लई वाईट असतंय. कोण तरी खरं धरून आत जातंय." मी त्यावर काहीतरी लागट बोलले आणि तू मोटार पकडायला निघालास. पुढच्या खेपेला भांडू, असं तेव्हा दोघांनीही धरलं होतं.

तुझ्या नादाचा फायदा सगळ्यात जास्त मला झाला, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. माझं कपाळ पांढरं झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. कोनाड्याकडे तोंड करून बसायचं, एवढंच काम घरानं मला दिलं होतं. तू एक दिवस म्हणालास, हिला गोव्याला कुलदैवताला नेऊन आणतो. देवाचं नाव काढल्यावर आडवं कोण येणार? कॅसलरॉक सोडून गाडी घाट उतरायला लागली, तेव्हा मला कळलं की देव गोव्यात असला तरी तुझी यात्रा इथेच आहे. पहिला बोगदा आला. धूर डब्यात भरला, दिवा नाही, नाकातोंडात राख. महिनाभर ज्या अंधारात बसून आले होते तोच पुन्हा अंगावर आला आणि मी किंचाळले. तू माझं मनगट धरलंस. "मोज गोदे. एक, दोन, तीन. मोजत ऱ्हा. बोगद्याला दुसरं तोंड असतंय." मी मोजत राहिले आणि उजेड आला. पुढच्या बोगद्यात मी न सांगता मोजलं. परत येताना तू विचारलंस, "शिकणार काय?" माझ्या पोटाची भाकरी त्या प्रवासातून आली आहे, अण्णा. तेव्हा तुला पाया पडायला हवं होतं. मी म्हणाले होते, माझं लुगडं काळं झालं.

तरीही तुझे बोगदे मला कधी आवडले नाहीत. आगगाड्यांचं, बांधकामाचं कौतुक तू थोडक्यात उरकायचास. तुझ्या गोष्टींत यायचा तो माणसाचा श्वास. गोटहार्डच्या बोगद्यात काम करणारी माणसं आतल्या घाणीनं पांढरीफटक पडली, त्यांच्या पोटात जंत झाले, घोडे उभ्याउभ्या कोसळले. सिम्प्लॉनमध्ये खडक इतका तापला की मजुरांवर गार पाणी मारावं लागलं. लंडनच्या नदीखालचा बोगदा खणताना नदीच वरून आत आली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. विलायतेतल्या कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यात पिवळा पक्षी घेऊन उतरतात, तो पडला की माणसांनी पळायचं. हे सांगून तू वर्गात म्हणायचास, "आणि पडलेल्याला आणायला दुसरा जातो, तोही पडतो. दुसऱ्यानं थांबायला शिकलं पाहिजे." लढाई सुरू झाल्यावर लंडनची माणसं बॉम्बच्या भीतीनं जमिनीखालच्या रेल्वे स्टेशनांत निजतात, असं वर्तमानपत्रात आलं. सगळं निपाणी बॉम्बची चर्चा करत होतं. तू पेपराची घडी घातलीस आणि मला विचारलंस, "एवढी माणसं खाली. वारा पुरत असंल काय गं?" त्या दिवशी मला तुझी भीती वाटली होती. का ते तेव्हा कळलं नाही.

या सगळ्याचं मूळ आपल्या परसात होतं. आपल्या गावच्या पांढऱ्या मातीत घरोघर पेव. तोंड एका माणसापुरतं, खाली पोट मोठं, दोन-अडीच माणसांच्या उंचीइतकं खोल. आतून गवत लावून जोंधळा भरायचा, वर दगड ठेवायचा आणि कडा मातीनं लिंपून टाकायच्या. वर्ष, दोन वर्षं धान्य हलत नाही. पण त्या बंद धान्याची वाफ आत कोंडून राहते, आणि तिच्यात माणूस उतरला तर दोन-चार श्वासांत बसतो तो बसतो. म्हणून गावाची रीत ठरलेली. पेव आदल्या दिवशी उघडायचं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू वाहून दोरीला पणती बांधून खाली सोडायची. पणती तळाशी जळत राहिली तर माणसानं उतरायचं. विझली तर आणखी एक दिवस. "भुईनं श्वास सोडाय पायजे," म्हातारी माणसं म्हणायची.

तू त्यांच्या रितीला हसला नाहीस, हे मला आवडायचं. तू काचेच्या बरणीत ओला जोंधळा आठ दिवस बंद करून ठेवायचास आणि पोरांपुढे त्यात पेटती वात सोडायचास. वात जायची. मग तू सांगायचास, हा कर्बाम्ल वायू. त्याला रंग नाही, वास नाही, तो जड आहे, तळाला बसतो. "पणती पुजेला सोडत न्हाईत रं. इझते काय बघाय सोडत्यात." ती पोरं घरी जाऊन बापाला सांगायची. जी माणसं पूर्वी घाईला आली की एखादा नारळ फोडून उतरायची, ती तुझ्यामुळे थांबायला लागली. गावानं तुझं ऐकलं ते इतकंच, पण ते पक्कं ऐकलं.

आता बॅटरीचं. यंदा रॉकेल कार्डावर मिळतं, तेही मिळालं तर. गोडं तेल फोडणीला पुरत नाही. तू लिहिलंस, दिवेलागणीला गोठ्यात ठेचकाळून पडलो, गुडघा फुटला. मी कॅम्पातल्या दुकानातून लष्करी बनावटीची लांबडी बॅटरी घेतली आणि निपाणीला निघालेल्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांबरोबर पाठवली. वर चिठ्ठी. ती मला पाठ आहे. "रॉकेलच्या रांगेत उभा राहू नकोस. ही गोठ्यात ने, परसात ने, पाहिजे तर तुझ्या लाडक्या पेवातसुद्धा हीच सोड. कितीही वारा आला तरी विझायची नाही."

लिहिताना मला हसू आलं होतं. किल्ल्याच्या भुयारावरून झालेल्या भांडणाचं उट्टं काढते आहे असं वाटत होतं. मी इतकी वर्षं मास्तरीण आहे, बरणीतली वात विझताना मी पहिल्या बाकावर बसून पाहिलेली आहे, आणि तरी मला कळलं नाही की मी काय लिहिते आहे. पेवात न विझणारा दिवा कशाला हवा असतो, अण्णा?

त्या दिवशी मी नव्हते. वहिनीनं आणि शेजारच्या भाऊसाबनं सांगितलं ते तुकडे जोडून मी पाहते. घरातला जोंधळा संपला होता, बाजारात मिळत नव्हता, म्हणून दोन वर्षांचं पेव उघडायचं ठरलं. बाळाप्पानं रीतीप्रमाणे आदल्या दिवशी दगड सरकवला. बाळाप्पा आपल्या घरी जन्मभर राबला, त्याच्याइतकी पेवाची माहिती गावात कुणाला नाही. सकाळी हळदकुंकू झालं. पणतीत घालायला तेल मागायचं त्याच्या जिवावर आलं असणार. त्यानं कोनाड्यातली बॅटरी दोरीला बांधली आणि सोडली. ती तळापर्यंत लख्ख जळत गेली. इतका स्वच्छ जोंधळा त्यानं पेवात कधी पाहिला नव्हता, असं तो भाऊसाबला ओरडून म्हणाला. मग तो उतरला.

तू न्हाणीत होतास. वहिनीनं हाक मारली, "बाळाप्पा ओ देईना." तू ओलेत्या धोतरानं आलास, आत वाकून पाहिलंस. खाली उजेड होता आणि उजेडात बाळाप्पा जोंधळ्यावर बसल्यासारखा. तू एवढंच म्हणालास, "हे काय सोडलंय?" भाऊसाब सांगतो, तुझा चेहरा तेवढ्यात बदलला. त्यानं तुझा दंड धरला, तू हिसडा दिलास. छाती भरून श्वास घेतलास, दोरी घेतलीस आणि उतरलास. बाळाप्पाच्या काखेतून दोरी बांधून झाली, वर ओढा म्हणून तू हात हलवलास. बाळाप्पाला ओढून काढलं. दोरी परत खाली गेली तेव्हा ती धरायला तू उठला नाहीस. बॅटरी तुझ्या पायाशी तशीच जळत होती.

दुसऱ्यानं थांबायला शिकलं पाहिजे, म्हणत होतास ना? साऱ्या पोरांना शिकवलंस, स्वतः कधी शिकणार होतास? बाळाप्पा वाचला याचा मला आनंद झाला पाहिजे. होतोही. आणि होतो तेव्हा मला तुझा राग येतो. तू सांगितलेल्या प्रत्येक बोगद्याला दोन तोंडं होती, अण्णा. मोजत राहिलं की उजेड यायचा. पेवाला एकच तोंड असतं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तुला अग्नी दिला आणि त्यानंतर गावात एक कुजबुज सुरू झाली. बाळाप्पा गोठ्यात कोपरा धरून बसला होता आणि विचारेल त्याला एकच सांगत होता, "दिवा जळत हुता की. मी बगितला. दिवा जळत हुता." ते बोलणं घरोघर गेलं. दिवा जळत असताना माणूस गेला, म्हणजे हे हवेचं नव्हे. मास्तर आयुष्यभर हवा हवा करत होता आणि भुईनं त्यालाच नेलं. म्हणजे आत दुसरंच काहीतरी बसलंय. पाचव्या दिवशी देवऋषी येऊन गेला. त्यानं सांगितलं, प्रत्येक पेवाच्या तोंडावर कोंबडं द्या आणि खुशाल उतरा, दिव्याची गरज नाही. गावात जोंधळ्याची टंचाई आहे. आपल्या आळीतच सात पेवं बंद आहेत. ओसरीवर बसून मी हे ऐकत होते. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरे होतं, पण ते सांगायचं तर चिठ्ठी कुणी लिहिली हेही सांगावं लागणार होतं. मी बेळगावची सकाळची मोटार किती वाजता ते विचारून ठेवलं.

तेराव्याला माणसं पांगल्यावर वहिनीनं खुंटीवरचा तुझा कोट काढला आणि आतल्या खिशातून ती चिठ्ठी बाहेर काढली. वहिनीला वाचता येत नाही, तुला माहीतच आहे. माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुझी हाय न्हवं? वाच की गं." मी वाचली. रॉकेलची रांग वाचली, गोठा वाचला, परस वाचलं, आणि तिथून उडी मारून "वहिनीला नमस्कार" वाचला. कागदाची घडी घातली.

"एक ओळ ऱ्हायली," वहिनी म्हणाली.

"कुठली?"

"पेवाची."

ती म्हणाली, "ह्यांनी मोठ्यानं वाचून दाखीवली हुती. बाळाप्पा हितंच बसलेला. पेवात बी हीच सोड, इझायची न्हाय, म्हणून तू लिवलंस. बाळाप्पा लई हसला. म्हनाला, मास्तरीनबाईंनी आमचं काम हलकं केलं, आन् गेला बैलास्नी पानी पाजाय. तो गेल्यावर हे मला म्हनाले, खुळी हाय गोदी. पेवात काय उजेड पाडाय दिवा सोडत्यात व्हय? तिला चांगलं खरमरीत लिवतो. बाळाप्पाला बी सांगाय पायजे, म्हनाले." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्येंचं सांगायचं ऱ्हायलं. मला तर समदं ठावं हुतं. त्या दिशी दोरीला काय बांधलंय ते चुलीम्होरनं उठून मी बगितलं न्हाय."

मी तिचा हात धरला. तेरा दिवस ती तेच पोटात घेऊन पाहुण्यांना वाढत होती आणि मी तिच्यापासून लपवत होते. आम्ही दोघी किती वेळ रडलो ठाऊक नाही. मग तीच डोळे पुसून म्हणाली, "भाऊसाब परवा दिशी पेव उघडनार हाय. कोंबडं आनलंय. पुतन्याची मिल्ट्रीतली बॅटरी हाय त्याच्या घरात. तू मोटारीनं जाऊ नगंस."

तरी माझी पेटी मी भरून ठेवली होती, अण्णा. तुझ्याशी खोटं बोलत नाही.

आज सकाळी आम्ही भाऊसाबच्या परसात गेलो. दगड पहाटे सरकवलेला, कडेवर कोंबड्याचं रक्त अजून ओलं. आळीतली माणसं जमलेली. दोरीला बांधलेली बॅटरी खाली सोडलेली होती आणि पेवाच्या तोंडातून उजेड वर येत होता. भाऊसाब धोतर खोचून कडेवर बसला होता, एक पाय आत. मी म्हणाले, "भाऊसाब, उतरू नका." तो हसून म्हणाला, "बाई, दिवा जळतोय की. आन् देवाचं बी झालंय." वहिनीनं मला पाठीमागून पुढे ढकललं. मी चिठ्ठी उघडली. "ही मी लिहिलेली आहे," म्हणाले, आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचली. मग सांगितलं, की बॅटरी हवेवर जळत नाही, ती विषातही जळते. बाळाप्पाला तिनं फसवलं आणि तिला पेवात सोडा असं मीच लिहिलं होतं. अण्णा खाली गेला तो सगळं ओळखून गेला. भुईनं त्याला नेलेलं नाही.

कुणी माझ्याकडे बघेना. भाऊसाबचा पाय अजून आतच होता. तेवढ्यात गर्दीतून बाळाप्पा आला. तो गोठ्यातून उठला आहे हे मला ठाऊक नव्हतं. वहिनीनं पदराखाली पेटती पणती आणली होती, ती त्यानं तिच्या हातातून घेतली, दुसऱ्या दोरीला बांधली आणि बॅटरीच्या शेजारून हळूहळू सोडू लागला. सगळे वाकले. दोन हात, तीन हात पणती नीट जळत गेली. चौथ्या हाताला ज्योत तांबडी झाली, आखडली आणि गेली. खाली बॅटरी लख्ख होती. बाळाप्पानं पणती वर घेतली, पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. तिथेच विझली.

भाऊसाबनं पाय बाहेर काढला. "उद्या बगू," तो म्हणाला. मग जमलेली सगळी माणसं आपापल्या पायांनी आपापल्या घरी गेली, अण्णा.